‘लेस्टेस’: चोर की बंडखोर?

प्रभूच्या डाव्या-उजव्या क्रुसांवरील दोघांना आपण सर्रास ‘चोर’ म्हणतो. मार्क व मत्तय यांचा मूळ ग्रीक शब्द मात्र ‘लेस्टेस’ आहे. गुपचूप चोरणाऱ्यास ग्रीक भाषेत ‘क्लेप्टेस’ म्हणत. मेंढवाड्याच्या दाखल्यात योहानाने दोन्ही शब्द शेजारी ठेवले आहेत. लेस्टेस म्हणजे हत्यार उगारून लुटणारा. यरीहोच्या वाटेवर प्रवाशाला अर्धमेला करून टाकणारे ते हेच.

परंतु पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस रोमी सत्तेविरुद्ध उठलेल्यांनाही हेच नाव देतो. सुभेदार फेलिक्सने अशा अगणितांना क्रुसावर चढविले, असे तो नमूद करतो. (इंग्रजांनीही उमाजी नाइकांना दरोडेखोर म्हणूनच १८३२ साली पुण्यात फाशी दिले. राज्यकर्त्यांचा शब्दकोश सर्वत्र सारखाच!) योहानाच्या लेखी बरब्बा लेस्टेस आहे, मार्क त्याला बंडात खून करणाऱ्यांच्या सोबत दाखवितो. भुरट्या चोरीला रोमी लोक क्रूस देत नसत. तेव्हा ते दोघेही बंडखोरच असावेत, असे आम्हांस वाटते. लूक मात्र हा शब्द टाळून त्यांना केवळ ‘दुष्कर्मी’ म्हणतो.

गेथशेमाने बागेत तलवारी-सोटे घेऊन आलेल्या जमावाला प्रभूने प्रश्न केला, तेव्हा त्याच्या तोंडी हाच शब्द होता. दुसऱ्या दिवशी पिलाताने क्रुसावर लावविलेली पाटी लुटीची नव्हती, राजेपणाची होती.