जन्मजात सदोष झडप : दुरुस्त करायची की बदलायची?

अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टरांना जादा आवाज (मर्मर) ऐकू येतो आणि इको करायला सांगतात. पुण्यातल्या कितीतरी पालकांना मुलाच्या झडपेतला दोष असाच कळतो. मग त्यांचे म्हणणे ठरलेले : “डॉक्टर, एकदाच नवीन व्हॉल्व्ह बसवून टाका.”

घाई करू नका. कृत्रिम झडप मुलाबरोबर वाढत नाही. यांत्रिक झडपेला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर लागते, वरचेवर आयएनआर तपासावा लागतो. मुलगी असेल तर पुढे गरोदरपणात ही गोळी अडचणीची ठरते. प्राण्यांच्या ऊतींची झडप लहान वयात लवकर कडक होते. म्हणून जमेल तिथे सर्जन मूळ झडपच दुरुस्त करतात.

दुरुस्ती कशी, ते दोषावर ठरते. महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरातल्या एक-दोघांना दोनच असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना लहानपणी काहीच करावे लागत नाही. गरज पडल्यास चिकटलेल्या पाकळ्या सोडवतात, सैल पाकळी टाक्यांनी आवळतात, अपुऱ्या पाकळीला मुलाच्याच हृदयावरणाचा तुकडा जोडतात. मायट्रल झडपेतली चीर शिवतात. एबस्टाइन दोषात ट्रायकस्पिड झडप खाली सरकलेली असते. ब्राझीलचे सर्जन दा सिल्वा यांच्या ‘कोन’ पद्धतीत पाकळ्या सोडवून, शंकूसारख्या गुंडाळून योग्य जागी शिवतात. फुफ्फुसाकडच्या झडपेचे अरुंद तोंड मात्र बहुधा फुग्याने, छाती न उघडता मोठे होते.

शस्त्रक्रिया हार्ट-लंग मशीनवर होते. टेबलवरच इको करून गळती पाहतात. जास्त असेल तर पुन्हा टाके.

महाधमनीची झडप दुरुस्त होण्यासारखी नसेल तर रॉस शस्त्रक्रियेचा पर्याय असतो (लंडन, 1967). मुलाचीच फुफ्फुसाकडची झडप तिथे बसवतात. ती वाढते, पण एका झडपेच्या दुखण्यासाठी दोन झडपांना हात लागतो.

दुरुस्ती कायमची असेलच असे नाही. काही वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. ‘या दोषाच्या किती दुरुस्त्या तुम्ही केल्या?’ हे सर्जनना जरूर विचारा. चांगला सर्जन रागावत नाही.

खर्चासाठी पथकाने दिलेली चिठ्ठी जपा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रांना भेटा.

शस्त्रक्रियेनंतर इकोची तारीख चुकवू नका, दात स्वच्छ ठेवा. ताप उतरत नसेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी डॉक्टरांना झडपेची शस्त्रक्रिया झाल्याचे सांगा. रक्ताचे कल्चर आधी घ्यावे लागते.