वेब सर्व्हरमधील सुरक्षा-त्रुटी आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली. तेव्हापासूनचा या पट्ट्याचा इतिहास सामान्यतः जमीन, यंत्रे व कामगार यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु चाकणच्या वाहननिर्मात्याची मागणी भोसरीच्या लघुउद्योजकाकडे वेब-पोर्टलद्वारे जाऊ लागली, तेव्हा वेब सर्व्हर हेही उत्पादनसाखळीतील एक यंत्र झाले. त्यातील दोषांचा इतिहास म्हणूनच औद्योगिक इतिहासाच्या कक्षेत येतो.

या इतिहासातील पहिला मोठा टप्पा २००१ चा. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधील त्रुटीची दुरुस्ती १८ जून २००१ रोजी प्रसिद्ध झाली होती. तरीही महिन्याभराने ‘कोड रेड’ हा विषाणू पसरला आणि १९ जुलै रोजी चौदा तासांच्या आत सुमारे ३,५९,००० संगणक बाधित झाले. सर्व्हरकडे प्रमाणाबाहेर लांब विनंती पाठवावयाची, ती राखीव स्मृतीच्या बाहेर सांडली की तिच्यातीलच आज्ञा सर्व्हरकडून पाळल्या जावयाच्या, अशी ही युक्ती होती. दोष शोधसेवेच्या एका उपघटकात होता. ती सेवा बंद असली तरी धोका कायम राही. शिवाय विंडोज २००० सर्व्हरसोबत आयआयएस आपोआप बसत असे. आपल्याकडे वेब सर्व्हर चालू आहे हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी तो दुरुस्त करण्याचा प्रश्नच नव्हता. खरा दोष येथे दिसतो : अज्ञान त्रुटीविषयी नव्हते, स्वतःच्या मालमत्तेविषयी होते.

मुक्त-स्रोत प्रणालीही यातून सुटल्या नाहीत. अनेक अपाची सर्व्हर ज्यावर विसंबून होते त्या ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ त्रुटी मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून एप्रिल २०१४ पर्यंत उघडकीस आली नाही. डिसेंबर २०२१ मधील ‘लॉग४जे’ प्रकरणात तर सदोष घटक इतर प्रणालींच्या पोटात दडलेला असल्याने, तो आपल्याकडे आहे की नाही हे शोधणेच प्रथम कार्य ठरले.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस, पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर या खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. २७ सर्व्हर बाधित झाल्याचे व सुमारे ५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. हल्ल्याचा प्रकार निराळा असला तरी त्यातून पुढे आलेला प्रश्न परिचित आहे. प्रकल्प नगराचा, परंतु निगडी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविली ती प्रकल्पाचे काम पाहणाऱ्या टेक महिंद्रा या कंपनीने. यंत्राचा मालक व त्याची राखण करणारा वेगळे असतात, तेव्हा दुरुस्तीचे कर्तव्य करारपत्रातून शोधावे लागते. लघुउद्योगात असे करारपत्रही बहुधा नसते. दुरुस्तीसाठी सर्व्हर थांबवावा तर तीन पाळ्यांचे वेळापत्रक आड येते.

कायदा या घडामोडींच्या मागून आला. ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय यंत्रणा जानेवारी २००४ मध्ये कार्यान्वित झाली, म्हणजे ‘कोड रेड’नंतर अडीच वर्षांनी. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविण्याचा तिचा निर्देश २८ एप्रिल २०२२ चा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना त्याच्या पालनासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून देण्यात आली.