पानांतील पिवळा रंग

आपल्या डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर, बरोबर मध्यभागीं, एक लहानसा पिवळा ठिपका असतो. बारीक अक्षर वाचतांना किंवा सुईंत दोरा ओवतांना आपली नजर जेथें एकवटते ती ही जागा. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील शरीरशास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे गेलें. परंतु हा ठिपका पिवळा कां, याचें पुरतें उत्तर मिळावयास १९८५ साल उजाडावें लागलें. आणि तें उत्तर मोठें मौजेचें आहे. हा पिवळेपणा शरीरानें स्वतः तयार केलेला नसतो. तो पालेभाजींतून, मक्याच्या दाण्यांतून, अंड्याच्या बलकांतून, म्हणजे आपल्या ताटांतून तेथवर जाऊन पोंचतो.

डोळ्याचा हा पडदा गर्भावस्थेंत मेंदूपासूनच फुटून पुढें आलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला मेंदूचाच एक भाग समजतात. तेव्हां ताटांतला रंग जर येथपर्यंत येतो, तर तो खुद्द मेंदूंत जातो काय, आणि गेल्यास तेथें कांहीं कामाला येतो काय, हा प्रश्न ओघानेंच उत्पन्न होतो. ज्या घरांतली आजी नातवंडांचीं नांवें विसरूं लागली आहे, त्या घराला हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा वाटत नाहीं. औषधाच्या दुकानांत याच रंगाच्या गोळ्या विकत मिळतात, आणि त्या घ्याव्या कीं मंडईची वाट धरावी याचा निर्णय कोणाला तरी करावा लागतो. तो करण्यापूर्वीं या रंगाचा इतिहास ऐकून ठेवणें बरें.

त्याचा आरंभ गाजरापासून होतो. १८३१ सालीं वॅकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें गाजराच्या रसांतून तांबूस स्फटिक वेगळे केले. त्याला हवें होतें जंतांवरचें औषध. हातीं लागला रंग. गाजराच्या लॅटिन नांवावरून त्यानें त्याला कॅरोटीन म्हटलें. पुढें १८३७ मध्यें स्वीडनच्या बर्झेलियसनें शरद ऋतूंत पिवळ्या पडणाऱ्या पानांतील रंगाला झँथोफिल, म्हणजे ग्रीक भाषेंत ‘पिवळें पान’, असें नांव दिलें. हा पिवळा रंग हिरव्या पानांतही असतो, फक्त हिरव्याखालीं झांकलेला असतो, हेंही हळूहळू कळून आलें. पण पानांत रंग नेमके किती, आणि एकापासून दुसरा न बिघडवतां वेगळा कसा करावा, हें कोणालाच साधत नव्हतें.

तें साधलें मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाला. त्याचें आडनांव मोठें योगायोगाचें आहे; रशियन भाषेंत त्स्वेत म्हणजे रंग. बाप रशियन, आई इटालियन. जन्म १८७२ मध्यें इटलींतील आस्ती गांवीं, आई लवकरच वारली, शिक्षण स्वित्झर्लंडमध्यें झालें. पुढें तो रशियांत गेला, तर तेथें परदेशी पदवीला मान नाहीं म्हणून त्याला पुन्हां परीक्षा द्याव्या लागल्या. शेवटीं त्या वेळीं रशियन साम्राज्यांत असलेल्या वॉर्सा येथें त्याला काम मिळालें, आणि १९०३ सालीं तेथील निसर्ग-अभ्यासकांच्या सभेपुढें त्यानें आपली युक्ति मांडली.

युक्ति इतकी साधी कीं तिचें हसूंच यावें. कांचेची एक अरुंद नळी घ्यावयाची, तींत खडूची बारीक पूड दाबून भरावयाची, वरून पानांचा अर्क ओतावयाचा आणि मागून स्वच्छ द्राव सोडीत राहावयाचें. बाजारांतून जाणाऱ्या मंडळींपैकीं कांहीं जण प्रत्येक दुकानापाशीं रेंगाळतात व कांहीं सरळ पुढें निघून जातात, तसाच प्रकार येथें होतो. खडूला चिकटणारे रंग मागें राहतात, न चिकटणारे खालीं उतरतात, आणि थोड्या वेळांत त्या पांढऱ्या नळींत हिरवीं व पिवळीं वलयें एकाखालीं एक उमटतात. पान एकच, पण पिवळे रंगच त्यांत कितीतरी निघाले! १९०६ सालीं त्यानें या रीतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, असें नांव दिलें.

रसायनशास्त्राच्या मोठ्या लोकांनीं मात्र तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. एका वनस्पतिशास्त्रज्ञानें खडूच्या पुडींतून काढलेल्या चिमूटभर रंगावर कोण विश्वास ठेवणार? वनस्पतींच्या रंगांविषयीं त्या काळीं शब्द चाले तो रिखार्ट विल्स्टेटर यांचा. ते खरोखरच थोर होते. १९१५ चें नोबेल पारितोषिक त्यांना याच कामाबद्दल मिळालें. त्यांची रीत भांडीं भरभरून पदार्थ घेण्याची. १९१२ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें सुमारें ६००० अंड्यांच्या बलकांतून ल्यूटीन नांवाचा पिवळा रंग काढला. इकडे त्स्वेतचें दैव फिरलें. महायुद्धांत वॉर्सा सोडावें लागलें. आधीं मॉस्को, मग निझ्नी नोव्हगोरोद, मग युरियेव्ह, अखेर व्होरोनेझ, असें संस्थेबरोबर भटकत १९१९ मध्यें तो अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं वारला.

त्याच्या रशियन ग्रंथाचें जर्मन भाषांतर विल्स्टेटर यांनीं स्वतःकरितां करून घेतलें होतें. तें पुढें त्यांचे शिष्य रिखार्ट कून यांच्याकडे हायडेलबर्गला आलें, आणि तेथें तें एडगर लेडरर या नुकतीच विशी ओलांडलेल्या तरुणाच्या हातीं पडलें. त्यानें खडूची नळी पुन्हां उभी केली, आणि १९३१ सालीं असें दिसून आलें कीं सहा हजार अंड्यांतून काढलेला तो ‘शुद्ध’ रंग शुद्ध नव्हताच. त्यांत दोन रंग मिसळलेले होते: एक पानांतला ल्यूटीन, आणि दुसरा झिआझँथीन, जो स्वित्झर्लंडच्या पॉल कारर यांनीं १९२९ मध्यें मक्यांतून काढलेला होता. कारर यांना १९३७ चें व कून यांना १९३८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्स्वेत तेव्हां हयात नव्हता.

आतां पुन्हां त्या पिवळ्या ठिपक्याकडे येऊं. १९४५ सालीं अमेरिकेंत जॉर्ज वॉल्ड यांनीं मृत माणसांच्या डोळ्यांतून हा रंग काढून तो पानांतील झँथोफिलाच्या जातीचा असल्याचें दाखविलें. १९८५ मध्यें बोन व लँड्रम या संशोधकांनीं तो ल्यूटीन व झिआझँथीन यांचाच असल्याचें ठरविलें. पुढें मेंदूंतही तो सांपडला. विशेष हें कीं अन्नांतील या जातीच्या रंगांत ल्यूटीनचा वांटा थोडा असतांही तान्ह्या मुलांच्या मेंदूंत मात्र या वर्गांतील अर्ध्याहून अधिक रंग ल्यूटीनचाच आढळला. मेंदू तो निवडून घेतो असें दिसतें.

कां घेत असावा? मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा दोन, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकीं शेंकडा वीस त्यालाच लागतो. जेथें प्राणवायू फार खर्च होतो तेथें त्यापासून होणारी झीजही अधिक. शिवाय मेंदूच्या पेशींचीं आवरणें स्निग्ध पदार्थांचीं असल्यामुळें त्यांना ती चटकन बाधते. ल्यूटीनचा लांबट रेणू अशा आवरणांत आरपार बसतो आणि झीज करणारे कण निकामी करतो. पानांतही त्याचें काम असेंच आहे: कडक उन्हापासून पानाचा बचाव करणें.

येथवर सारें पटण्यासारखें आहे. पण पटणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें. गोळ्यांची कसोटी घेतली तेव्हां काय झालें? पहिला धक्का बसला तो कॅरोटीनच्या बाबतींत. फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला; १९९४ मध्यें निकाल आला तेव्हां रोज २० मिलिग्रॅम कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होतां शेंकडा १८ नें वाढलेला दिसला. जो रंग गाजरांत निरुपद्रवी, तोच गोळींत कांहींच्या जिवावर उठला. २००७ मध्यें अमेरिकन डॉक्टरांवरील एका प्रयोगाचा निकाल थोडा आशादायक निघाला: सरासरी अठरा वर्षें कॅरोटीन घेतलेल्या पुरुषांची स्मरणशक्ति किंचित् बरी होती, पण एखादें वर्ष घेणाऱ्यांना कांहींच लाभ झाला नाहीं. २०१५ मध्यें ल्यूटीन व झिआझँथीन यांची पाळी आली. तीन हजारांवर वृद्धांना सुमारें पांच वर्षें गोळ्या देऊन पाहिलें. बुद्धीच्या ऱ्हासांत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं. हीं माणसें मुळांतच वयस्क, डोळ्यांच्या विकारानें पीडलेलीं आणि चांगलें खाणारीं होतीं, एवढें मात्र ध्यानांत ठेवावयास हवें.

भाजीची हकीकत वेगळी आहे. शिकागो येथील मार्था क्लेअर मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ९६० वृद्धांच्या आहाराची नोंद ठेवून सरासरी पावणेपांच वर्षें त्यांची बुद्धि तपासली. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत, रोज वाटीभर पालेभाजी खाणारांच्या बुद्धीचा ऱ्हास इतका मंद दिसला कीं तीं माणसें जणूं अकरा वर्षांनीं तरुण असावीं. ही नुसती पाहणी होय, प्रयोग नव्हे. जो नेमानें भाजी खातो तो इतरही बाबतींत नेमानें वागत असेल. शिक्षण, व्यायाम, धूम्रपान यांचा हिशेब जमेस धरूनही ही शंका पुरती फिटत नाहीं. आणि पालेभाजींत ल्यूटीनच्या जोडीला इतरही पुष्कळ द्रव्यें असतात. माझा स्वतःचा कल भाजीकडे आहे, आणि तो निकालापेक्षां आवडीमुळें असेल, हें मान्य करतों.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. बाजारांतील गोळ्यांत असणारें ल्यूटीन बहुतेक झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात. दसऱ्याला आपण दाराला बांधतों त्याच झेंडूच्या. आणि हा रंग पाण्यांत विरघळत नाहीं, तेलांत विरघळतो. कोरडें कच्चें पान चावून खाल्लें तर त्यांतला बराचसा रंग अंगीं न लागतां निघून जातो. पान शिजलें, त्याच्या पेशी फुटल्या आणि सोबत थोडें तेल किंवा तूप असलें, म्हणजे तो आंतड्यांतून रक्तांत उतरतो. माठाच्या किंवा चाकवताच्या भाजीला पळीभर तेलाची फोडणी पडते तिचें काम चवीपुरतेंच नसतें.