इफची अट नेमकी कुठपर्यंत लागू होते?
'सी' भाषेत इफपुढे कंसात अट लिहितात. अट खरी ठरली तर पुढचं स्टेटमेंट चालतं, नाहीतर एल्सखालचं. पण महिरपी कंस घातले नसतील, तर इफचा अंमल फक्त पुढच्या एकाच स्टेटमेंटवर असतो. त्याखालची ओळ कितीही आत सरकवून लिहा, अट खरी असो वा खोटी, ती चालणारच.

२०१४ मध्ये ॲपलला याचा फटका बसला. समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे तपासणाऱ्या कोडमध्ये एका इफखाली 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली इफच्या ताब्यात, दुसरी मोकाट. त्यामुळे पुढची सही तपासण्याची पायरी दरवेळी वगळली जायची. तोवर एररची नोंद झालेली नसल्याने निकाल 'सगळं ठीक' असाच यायचा (नाव फेल, निकाल पास!). त्याच वायफायवरचा भामटा खोटा सर्व्हर पुढे करून पासवर्ड वाचू शकला असता. २१ फेब्रुवारीला आयफोनसाठी आयओएस ७.०.६ आलं, मॅकची दुरुस्ती चार दिवसांनी आली.

पायथनमध्ये मात्र ओळ किती आत आहे, यावरूनच ती इफची की नाही हे ठरतं. सी, जावा, जावास्क्रिप्ट लिहिताना एका ओळीसाठीसुद्धा महिरपी कंस घाला.