भरलेली बंदूक, घर आणि कुलूप : अडीचशे वर्षांचा एक वाद

१/ १ मार्च १७८३. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध जवळजवळ संपले होते. ब्रिटनशी अंतिम तह व्हायला सहा महिने उरले होते. ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये सशस्त्र नागरिकांनी या युद्धाची पहिली गोळी झेलली, त्याच राज्याने त्या दिवशी एक कायदा केला. बॉस्टन शहरात भरलेली बंदूक कोणत्याही इमारतीत नेणाऱ्यास दहा पौंड दंड, आणि बंदूक जप्त! असे का व्हावे? हा धागा त्या प्रश्नापासून सुरू होतो.

२/ उत्तर एका शब्दात : आग. बॉस्टन हे दाटीने वसलेले, बरेचसे लाकडी शहर. मार्च १७६० च्या आगीत तिथल्या सुमारे साडेतीनशे इमारती भस्मसात झाल्या होत्या. आग लागली की शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावत. अशा वेळी जळत्या घरात भरलेली बंदूक असेल, तर ती तापून आपोआप उडे आणि मदतीला आलेल्याचाच जीव जाई. कायद्याच्या प्रस्तावनेत हेच कारण नोंदवलेले आहे.

३/ मग लोक बंदूक भरून ठेवत तरी कशाला? त्या काळची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मग कानाशी रंजक भरायची. तरबेज शिपायाला या कामाला पंधरा-वीस सेकंद लागत. मध्यरात्री अंधारात चाचपडणाऱ्या गृहस्थाला किती लागत असतील, याची कल्पना करावी. शिवाय एकदा ठासलेला बार बाहेर काढणे हे आणखी कटकटीचे काम. त्यामुळे भरलेली बंदूक तशीच कोपऱ्यात उभी राही.

४/ इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. बॉस्टनने घरात बंदूक बाळगण्यास मनाई केली नव्हती. मनाई होती ती भरलेल्या बंदुकीला. न्यूयॉर्कनेही १७८४ मध्ये घरातील दारूवर २८ पौंडांची मर्यादा घातली, आणि तीही चार वेगवेगळ्या भांड्यांत विभागून ठेवण्याची अट घातली. म्हणजे ‘शस्त्र असावे की नसावे’ या वादाइतकाच ‘ते कोणत्या अवस्थेत ठेवावे’ हा वादही जुना आहे.

५/ एकोणिसाव्या शतकाने हे चित्र पालटले. १८३६ मध्ये सॅम्युएल कोल्टला रिव्हॉल्व्हरचे अमेरिकी पेटंट मिळाले. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने धातूच्या काडतुसांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. धातूच्या कवचातील दारू सहसा दमट होत नाही. आता भरलेले शस्त्र टेबलाच्या खणात वर्षानुवर्षे पडून राहिले, तरी क्षणात उडू शकत होते. आगीचे भय मागे पडले. त्या खणापर्यंत पोहोचणाऱ्या चिमुकल्या हाताचे भय पुढे आले.

६/ कारखानदारांनाही या भयाची जाणीव होती. १८८७ मध्ये स्मिथ अँड वेसनने मुठीच्या मागे एक पट्टी असलेले रिव्हॉल्व्हर आणले. मूठ पूर्ण आवळून ती पट्टी दाबल्याखेरीज बार उडत नसे. लहान मुलाच्या हातून हे होणे कठीण, असा त्यामागचा विचार. विसाव्या शतकाच्या आरंभी आयव्हर जॉन्सन या कंपनीच्या एका जाहिरातीत तर बिछान्यात बसलेली छोटी मुलगी रिव्हॉल्व्हर हाती धरून खेळताना दाखवली होती!

७/ आज ते चित्र पाहून अंगावर काटा येतो. त्या रिव्हॉल्व्हरची यंत्रणा खरोखर कल्पक होती : हत्यार खाली पडले किंवा घोड्यावर आघात झाला, तरी बार उडत नसे. पण कोणी चाप ओढला तर? तर ते उडणारच. त्यासाठीच ते बनवलेले. अपघाती धक्का यंत्राला ओळखता येतो. धन्याचे बोट आणि मुलाचे बोट यांतला फरक त्याला कळत नाही. हा फरक बाहेरून घालावा लागतो, आणि त्यासाठी कुलूप लागते.

८/ आता थेट राजधानीत येऊ. वॉशिंग्टन शहराने १९७६ मध्ये कडक कायदा संमत केला. नव्या पिस्तुलांची नोंदणी जवळजवळ बंद झाली. शिवाय घरातील प्रत्येक बंदूक रिकामी असावी आणि तिचे भाग सुटे केलेले असावेत किंवा चापाला कुलूप असावे, अशी अट आली. डिक हेलर नावाचा विशेष पोलीस अधिकारी या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेला.

९/ २६ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्कालिया यांचे. त्यांचा युक्तिवाद असा : घरात स्वसंरक्षण करणे हा शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा गाभा आहे, बंदूक सदैव निकामी ठेवण्याची सक्ती केली, तर तो हक्क उरतच नाही.

१०/ गंमत म्हणजे, या खटल्यात १७८३ चा तो बॉस्टनचा कायदा पुन्हा उजेडात आला. विरोधी मत मांडणारे न्यायमूर्ती ब्रेयर म्हणाले की, पूर्वसूरींनीही घरातील भरलेल्या शस्त्रावर बंधने घातली होती. स्कालियांचे उत्तर असे की, तो कायदा आग विझवणाऱ्यांच्या रक्षणासाठी होता. दारात दरोडेखोर उभा असताना बंदूक भरणाऱ्याला त्याखाली दंड झाला असता, हे संभवत नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या प्रस्तावनेवर देशाचे सर्वोच्च न्यायाधीश असे वाद घालत होते.

११/ पण त्याच निकालपत्रात एक वाक्य आहे, जे उत्साही वाचक बहुधा गाळतात. अपघात टाळण्यासाठी शस्त्रांच्या साठवणुकीचे नियमन करणारे कायदे आपल्या विवेचनामुळे अवैध ठरत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे सदैव निकामी ठेवण्याची सक्ती गेली. सुरक्षित ठेवण्याच्या सक्तीचा मार्ग मोकळा राहिला.

१२/ हा मार्ग फ्लोरिडाने १९८९ मध्येच दाखवला होता. तिथल्या कायद्याचा आशय साधा आहे : भरलेली बंदूक घरात ठेवता येईल, पण सोळा वर्षांखालील मूल तिच्यापर्यंत पोहोचू शकत असेल, तर ती कुलूपबंद किंवा सुरक्षित जागी ठेवावी. ती अंगावर किंवा अगदी हाताशी असेल, तर गोष्ट वेगळी. इथे प्रश्न ‘भरलेली की रिकामी’ असा उरला नाही. ‘कोणाच्या आवाक्यात’ असा झाला.

१३/ सॅन फ्रान्सिस्कोने हाच विचार पुढे नेला. घरातील पिस्तूल अंगावर नसेल, तर ते पेटीत बंद करावे किंवा चापाला कुलूप लावावे, असा नियम शहराने केला. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो उचलून धरला. त्यामागचे एक कारण तांत्रिक होते : आजच्या पेट्या झटपट उघडतात. पेटीत पिस्तूल भरलेले ठेवण्यासही तिथे मनाई नव्हती. भरलेले आणि तरीही बंद : ठासणीच्या काळात अशक्य वाटावे असे हे उत्तर.

१४/ आणि जिथे हे होत नाही तिथे? ३० नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथे पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने घरातील पिस्तूल शाळेत नेले. चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले. २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईला आणि वडिलांना ज्यूरीने सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला मिशिगनचा नवा कायदा अमलात आला : घरात अल्पवयीन मूल येण्याची शक्यता असेल, तर बंदूक बंद पेटीत ठेवावी, अथवा आधी रिकामी करून मग तिला कुलूप लावावे.

१५/ यातला क्रम महत्त्वाचा आहे. भरलेल्या बंदुकीच्या चापाला कुलूप लावू नये. लावता-काढताना चापावर दाब येऊन ती उडू शकते. भरलेलीच ठेवायची तर मजबूत पेटीत, आणि पेटीची किल्ली वा संकेतांक मुलांना ठाऊक नसावा. कपाटाच्या माथ्यावर लपवणे म्हणजे कुलूप नव्हे. मुलांना घरातल्या साऱ्या जागा ठाऊक असतात. राज्याराज्यांत कायदे निराळे आहेत, म्हणून आपल्या राज्याचा कायदा पाहणे अटळ. अमेरिकेतील मराठी घरांत बंदूक नसेलही. पण मूल मित्राकडे खेळायला जाताना ‘तुमच्याकडे बंदूक कुलपात असते ना?’ एवढे विचारण्यात कसलाही संकोच नसावा.

१६/ १७८३ मध्ये बॉस्टनकरांपुढे एकच प्रश्न होता : माझ्या रक्षणासाठी भरलेली बंदूक माझ्याच घरी धावून आलेल्याचा जीव घेईल काय? तेव्हा भय होते बादली घेऊन आलेल्या शेजाऱ्याबद्दल. आज आहे ते खणात डोकावणाऱ्या मुलाबद्दल. दारू बदलली, यंत्र बदलले, प्रश्न तोच राहिला. आपल्या हाताबाहेर असलेल्या शस्त्राची जबाबदारीही आपलीच, हे त्या दहा पौंडांच्या दंडाने अडीचशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

(धागा समाप्त)