तांबड्या गव्हाची चपाती

मागे आमच्या गटाने पाटाकडेच्या टपोऱ्या ओंब्या बियाण्याला ठेवल्या. पुढच्या साली दाणा बेताचाच! टपोरेपण पाण्याचं होतं, वाणाचं नव्हे. बुटकेपण मात्र वाणातून उतरतं. जपानी ‘नोरिन १०’ गव्हाचा हा गुण अमेरिका, मेक्सिको करत आपल्याकडे आला. १९६६ मध्ये भारताने १८,००० टन मेक्सिकन बियाणं आणलं. काड बुटकं, म्हणून भरपूर खत घालूनही पीक लोळेना. पण दाणा तांबडा, चपाती काळपट. आम्हा बायकांना ती कशी रुचणार? मेक्सिकोहून आलेल्या काही संकरित ओळींत मात्र झाडाझाडांत फरक होता. त्यांतली पिवळसर दाण्याची झाडं आपल्या शास्त्रज्ञांनी निवडली, पिढ्यान् पिढ्या पारखली. ‘कल्याण सोना’ त्यांतूनच निघाला.