बाळगोळी

मुंबईच्या गिरणगावात एके काळी ‘बाळगोळी’ हा शब्द घुटीच्या वा सुंठीच्या नावाइतक्याच निर्धास्तपणे उच्चारला जात असे. गोळी इवलीशी, पण तिच्यातील गुणकारी द्रव्य अफू. सकाळी कामावर जाण्यापूर्वी आई ती बाळाला चाटवी आणि मूल तासन्‌तास निपचित पडून राही. 1922 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाहणीत डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्यांनी लिहिले की, कामगार स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा 98 अर्भकांना अफू दिली जाते.

हा आकडा ऐकून आईच्या अज्ञानाला दोष देणे फार सोपे आहे. पण तिचा दिवस कसा होता? 1911 च्या कारखान्यांच्या कायद्याने स्त्रीच्या कामाची मर्यादा ठरविली ती अकरा तासांची. रिळिंग वा वायंडिंग खात्यात ती उभी, घर म्हणजे चाळीतील एक खोली, आणि मूल सांभाळणारी सासू बहुधा कोकणात गावी राहिलेली. रडणाऱ्या मुलाला घेऊन यंत्रांच्या गर्दीत जाता येत नव्हते आणि खाडा केला तर मजुरी बुडत होती. हे काही मुंबईचेच वैगुण्य नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील गिरणीच्या गावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड औषध याच कामासाठी बाटल्यांनी खपत होते. 1868 च्या कायद्याने तेथे अफूच्या विक्रीवर बंधन आले, पण तयार पेटंट औषधे त्यातून निसटली.

या गोळीचा धोका तिच्या अनिश्चिततेत होता. अफूतील मॉर्फिनचे प्रमाण मालागणिक बदलते, म्हणून कालच्या गोळीने नुसती झोप आणली तरी आजची प्राणघातक ठरू शके. मॉर्फिन मेंदूतील श्वसनकेंद्रालाच मंद करते. अर्भकाचे कोवळे शरीर ते लवकर बाहेर टाकू शकत नाही, त्यामुळे रोजची मात्रा साठत जाते. श्वास विरळ होतो, ओठ निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ‘बाळ आज गाढ झोपले आहे’ असे शेजारणीला वाटावे, आणि तेवढ्यात वेळ निघून जावी! वैद्यांच्या हाती तरी काय होते? पोटॅशियम परमँगनेटने जठर धुणे, कडक कॉफी पाजणे, कृत्रिम श्वसन देणे, एवढेच. खरा उतारा असलेल्या नॅलॉक्सोनचे पेटंट 1961 सालचे. ते केवळ रुग्णालयात न ठेवता जवळच्या माणसांच्या हाती द्यावे हा विचार तर त्याहूनही उशिराचा. 1996 मध्ये शिकागोत तशी वाटणी सुरू झाली आणि 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेने ती शिफारस म्हणून स्वीकारली.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. अफूची निर्मिती आणि विक्रीचे परवाने सरकारच्याच हाती होते. 1895 साली अफूच्या रॉयल कमिशनने हिंदुस्थानातील अफूसेवन बहुतांशी माफक व निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा दिला होता. महसुलाच्या वहीत जी जमा होती, तिचा खर्च चाळीतल्या पाळण्यात पडत होता.

म्हणूनच उपाय गोळीपाशी न थांबता आईपाशी जाणे अवश्य होते. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. 1929 मध्ये ते मंजूर झाले आणि बाळंतपणाच्या काही आठवड्यांसाठी मालकाने रोख साहाय्य देण्याचे बंधन आले. 1934 च्या कायद्याने पाळणाघरे सक्तीची करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. 1948 च्या कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्याला पाळणाघर ठेवणे भाग पाडले, आणि अंगावर पाजण्यासाठी आईला मधून मधून मोकळीक देण्याची तरतूद केली. हे सारे निर्वेध घडले असे मात्र नव्हे. खर्च नको म्हणून स्त्रियाच कमी ठेवाव्यात, ही पळवाट पुष्कळ मालकांना सुचली आणि पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. कामावर राहिलेल्या आईला मूल ठेवायला जागा मिळाली. कामावरून गेलेलीच्या घरी भोंग्याचे भय उरले नाही, पण मजुरीही उरली नाही.

अफूची औषधाव्यतिरिक्त विक्री दहा वर्षांत बंद करण्याचे 1949 साली ठरले, आणि 1959 मध्ये नोंदणीकृत व्यसनी सोडून इतरांसाठी ती दुकाने मिटली.